सरस्वती बसली तेव्हा सात नंबर चालू होतं

कीबोर्ड उलटा करून झटकला आणि त्यातून तांदळाचा एक दाणा पडला. पिंजर लागलेला, म्हणजे कुंकवाचा, आता लाल कसला, विटकरी झालेला. मी तो बोटावर घेतला आणि लगेच ओळखला. इतकी वर्षं झाली तरी. खरंच सांगते, कानात तो आवाजसुद्धा वाजला, टीं, टीं, टीं, आणि मी उगाच खाली मेजाखाली वाकून बघितलं. तिथे काही नव्हतं. वायरींचा गुंता आणि एक मेलेली पाल.

मी आमच्या जुन्या कॉलेजात आले होते एका दाखल्यासाठी. दाखला देणारी बाई जेवायला गेली होती, म्हणून म्हटलं लॅब बघून येऊ. तर लॅब रिकामी करत होते. खाली पिकअप उभा, दोन माणसं जुने जाडे मॉनिटर छातीशी धरून जिना उतरत होती, बाळंतिणीच्या खोलीतून पाळणा काढावा तशी जपून, आणि खाली जाऊन धाडकन टाकत होती. एकजण मला म्हणाला, "बाई, बघायचं ते लवकर बघा, गाडी थांबली आहे." एवढं बोलून गेला आणि मी त्या खोलीत एकटी.

खोलीचा वास तोच होता. गरम प्लास्टिक, ओल धरलेली भिंत आणि पाय. हसू नका, पायांचाच. कारण चपला बाहेर काढायच्या हा पहिला नियम, आणि जूनमध्ये पेडण्याहून, डिचोलीहून, म्हापशाला बस बदलून आलेले आम्ही सगळे भिजलेल्या पायांनी आत यायचो. थंड फरशीवर पावलांचे ओले ठसे, एसीचा गार वारा, आणि छत्र्या बाहेर जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, एकीवर एक पडलेल्या. कुणाची छत्री कुणी नेली यावरून रोज एक भांडण.

नियम गावस सर सांगायचे. लॅब त्यांच्या ताब्यात. गाव पाळी, खाणीच्या पट्ट्यातलं, त्यामुळे त्यांची स्कूटर, त्यांची बॅग, त्यांच्या शर्टाची कॉलर, सगळ्यावर ती तांबडी धूळ. धूळ काय करते हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असं म्हणायचे. "आमच्या घरात पाण्याच्या कळशेर फडको बांदतत. मशीनीक कोण बांदतलो? म्हणून चपला भायर."

भिंतीवर नियमांचा फलक होता, पण तो कुणी वाचत नाही हे सरांना माहीत होतं. मग वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून ते नियम मोठ्याने म्हणायचे, आणि त्यांचा सूर असा काही लागायचा की देवळात गाऱ्हाणं घालतायत असंच वाटायचं. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून गावकरी गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणतात. तर सर म्हणाले, "ही मशीनां सगळ्यांची आसत." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "व्हय म्हाराजा." सरांनी चष्म्यावरून बघितलं. रागावले नाहीत. पुढचं वाक्य आणखी लांबवून म्हणाले, "तर आपलो पासवर्ड आपल्या भावाकसुद्धा दिवचो न्हय."

"व्हय म्हाराजा."

"दुसऱ्याची फाईल उघडून वाचची न्हय. मशीनीचं सेटिंग बदलचं न्हय. पेन ड्राइव्ह घालून रोग पसरवचो न्हय. खाणं आत हाडचं न्हय."

"व्हय म्हाराजा."

"आनी उठताना, कितीय घाई आसूं, खात्यातसून भायर पडून, मशीन बंद करून उठचं. चालू मशीन सोडून गेलो त्याचं खातं बंद."

इथे सूर उतरला. हे ते गाऱ्हाण्यात म्हणत नव्हते, खरंच म्हणत होते. सगळे व्हय म्हाराजा म्हणाले, सगळ्यात मोठ्याने माझ्या शेजारची सुलू.

सुलू हळर्णची. माझी हॉस्टेलातली खोलीसोबतीण. मी लाटंबार्स्याची, सुट्टीवरून येताना माझ्या पिशवीला काजूच्या बोंडांचा वास, तिच्या पिशवीत कायम फुलं. तिच्या आईचा परसच तसा. सुलूचा लघुप्रबंध धालोवर होता. पौषात बायका रात्री मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या पवित्र अंगणात, जमतात, समोरासमोर दोन फांती करतात, म्हणजे रांगा, आणि वाकत, पुढे जात, मागे येत गातात. ती गाणी मराठी की कोंकणी यावरून कॅन्टीनमध्ये दोन टेबलं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. सुलू दोन्हीकडचा चहा पिऊन यायची आणि म्हणायची, "आवयक इचारलंय. ती म्हणता, आमी धालोत गातंव, इतकाच म्हायत."

ती टाइप करायची सात नंबरवर, कारण देवनागरीचा चांगला फॉन्ट तिथेच. जनेलाजवळचं मशीन, बाहेर एक काजरा, त्याच्या फांदीवर सकाळी भारद्वाज येऊन बसायचा. सुलू एका बोटाने टाइप करायची. मी धडाधड. माझा आवाज ऐकून ती वैतागायची, "गो, तू टाइप करतंस काय पोहे कांडतंस?" मग दोघी दाबून हसायचो, कारण आवाज करायचा नाही हाही एक नियम होताच.

फाईल फुगत गेली. गाणी, त्यांचे अर्थ, मांडाचे फोटो. सेव्ह करायला गेलं की मशीन अडकायचं, पडद्यावर ते वाळूचं घड्याळ उभं राहायचं आणि आपण नुसतं बसायचं. आपोआप सेव्ह होण्याची सोय होती तीही मध्येच अडकायची, म्हणून सुलूने ती बंदच करून टाकली. सेटिंग बदललं. आणि सेव्ह करायची ते दिवसाच्या शेवटी एकदाच.

मुदत एकदा वाढवून झाली होती. आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रबंध दिला नाही तर वर्ष गेलं. पेडण्याच्या बाजूला एका हायस्कुलात मराठी शिकवायची जागा होती, हेडमास्तर तिच्या ओळखीचे, त्यांनी सांगितलं होतं की दिवाळीनंतर शाळा उघडेपर्यंत थांबतो, त्यापुढे मला थांबता येणार नाही. सुलूला ती जागा हवी होती. तिच्या घरून चालत जाण्याइतकी जवळ. ती झोपेतसुद्धा हजेरी घ्यायची, मी ऐकलंय.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी सरस्वती बसते. पुस्तकं, हत्यारं, वाद्यं, गाड्या, ज्याच्यावर आपलं पोट ते सगळं पुजायचं, आणि एकदा पुजलं की दसऱ्याला सरस्वती उठेपर्यंत हात लावायचा नाही. लहानपणी ह्या एका दिवसासाठी आम्ही अभ्यासाची सगळी पुस्तकं पाटाखाली कोंबायचो. एकही बाहेर राहू नये म्हणून केवढी काळजी. लॅबमध्येही सरस्वती बसायची. पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढलेली, मोठ्या मशीनच्या डोक्यावर ठेवलेली. प्रत्येक कीबोर्डावर अक्षता, प्रत्येक मॉनिटरच्या कपाळाला पिंजर. वर्षातून त्या एका दिवशी खाणं आत यायचं, गुळाचे फोव, म्हणजे पोहे, आणि उकडलेले चणे, आणि मग आठवडाभर मुंग्या.

सरांनी सकाळीच सांगितलं होतं, आरतीच्या आधी सगळ्यांनी आपापलं बंद करा. सगळे उठले. सुलू बसलेली. शेवटचं गाणं तिने नुकतंच संपवलं होतं, सगळ्यात लांब, तिच्या आईचं. नेमका तेव्हा हॉस्टेलचा शिपाई सांगत आला की हळर्णची बस फाटकाशी उभी आहे, कंडक्टरकडे तुमची फुलं आहेत, तो थांबायला तयार नाही. आईने लॅबच्या पूजेसाठी गोंडे, म्हणजे झेंडू, पाठवले होते. सुलूने सेव्हला हात घातला, घड्याळ दिसलं, अडकणार हे कळलं, मग ते रद्द केलं आणि मॉनिटरचं बटण दाबून पळाली. आल्यावर करते. पडदा काळा. खाली मशीन घुंई करत चालूच.

ती परत आली तेव्हा सगळे तिच्या फुलांची वाट बघत होते. मारुतीकाकांनी टोपली तिच्या हातातून घेतली. काका लॅबचे शिपाई, खानापुराकडचे, हाताला भारी चलाख. माळा दुसऱ्या फुलांच्या आधीच अर्ध्या ओवलेल्या, हे गोंडे घालून बघता बघता संपवल्या आणि पहिली माळ घातली ती सात नंबरला. "तुझ्या घरची फुलं न्हवं का, तुझ्याच मशीनला पहिला मान." सुलू पुढे झाली तर काकांनी तिचा हात अडवला. "आता हात लावू नकोस बघ पोरी. बसली सरस्वती."

ती माझ्याकडे आली. तिच्या बोटांना गोंड्यांचा तो कडवट हिरवा वास येत होता.

"चालू आसा," ती म्हणाली.

"काय?"

"सात नंबर. शेवटचा गाणा सेव्ह करूक नाय. सकाळपासूनचा कायच नाय."

मी म्हटलं सरांना सांग. ती म्हणाली, खातं बंद करतील, परवा द्यायचंय, खातं बंद झालं तर प्रिंट कुठून काढू. मी म्हटलं मग गप्प राहा, उद्या सरस्वती उठली की सेव्ह कर, मशीन एक रात्र चालू राहिलं तर काही बिघडत नाही. ती म्हणाली, आणि लाइट गेली तर. मी तिच्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी वर पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत होता.

आरती सुरू झाली. कापराचा धूर, उदबत्ती, घंटा, आणि आम्ही दोघी पंख्याकडे बघत टाळ्या वाजवतोय. अशी आरती मी आयुष्यात केली नाही. दुसरं कडवं, पंखा फिरतोय. तिसरं, फिरतोय. चौथ्याला हळू झाला. आधी वाटलं डोळ्यांचा भास. मग एकेक पातं मोजता यायला लागलं, एसी खोकल्यासारखा आवाज काढून थांबला, आणि घंटेच्या मधल्या गॅपमध्ये मेजाखालून आलं,

टीं.

यूपीएस. लाइट गेली की बॅटरीवर जातो आणि ओरडतो. बाकी सगळे बंद होते. ओरडत होता एकच.

टीं. टीं.

आरती मोडली नाही, पण पातळ झाली. एकेकजण गायचा थांबला आणि कान देऊ लागला. शेवटी सर आणि मारुतीकाका दोघेच गात होते, मग सर थांबले, आणि काका एकटेच एक ओळ पूर्ण म्हणून थांबले.

"कोणाचं चालू आसा?" सर म्हणाले.

 त्या यूपीएसची बॅटरी म्हातारी होती, सगळ्यांना माहीत. फार वेळ धरत नसे.

"माझा, सर," सुलू म्हणाली. "शेवटचा गाणा त्यात आसा. सेव्ह करूक नाय."

सरांनी मेजाखाली बघितलं. टीं, टीं. मग म्हणाले, "मांडावर धालो खेळतत ना तुमी? शेवटच्या दिसा मांड शिंपल्याबगर उठतत?"

सुलूने मान हलवली. शेवटच्या दिवशी मांडावर पाणी शिंपून, त्याची रजा घेऊन मगच बायका घरी जातात. तसं न करता उठायचं नाही. हे तर तिनेच प्रबंधात लिहिलं होतं.

"मगे हंयसर कशी उठलंस?"

तिचे डोळे भरले पण ती रडली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, सर, लाव म्हणा तिला हात, जाईल सगळं. दुसरी एकजण म्हणाली, बसलेल्या सरस्वतीला हात कसा लावायचा, वर्षभराचं काय होईल. कुजबूज वाढली. सर पाटीवरच्या सरस्वतीकडे बघत होते. त्यांच्या हातात अजून घंटा. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हा माणूस दोन नियमांच्या मध्ये उभा आहे आणि दोन्ही त्याचे स्वतःचे आहेत.

"सर," मारुतीकाका म्हणाले, "गाऱ्हाणं घाला नि मोकळे व्हा. यंत्र काय थांबायचं न्हाई तुमच्यासाठी."

सरांनी घंटा खाली ठेवली. हात जोडले. आणि घातलं गाऱ्हाणं. एरवी ते किती घोळवून म्हणायचे, त्या दिवशी श्वास न घेता. "बाये सरस्वती, तुज्या लेकराकडसून चूक घडली, मांड शिंपल्याबगर उठलां, तर आता तुज्या आंगाक हात लावता, तो रागान लावणा नाय, मस्तीन लावणा नाय, शिकपाखातीर लावता, तर तां पदरात घे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. यावेळी कुणी हसलं नाही.

"लाव हात."

सुलूने आधी मशीनला नमस्कार केला. मग माळ वर सरकवली, पडदा चालू केला. कपाळावर पिंजर लावलेल्या त्या काचेत तिच्या आईचं गाणं उजळलं. कीबोर्डावर अक्षता पसरलेल्या, तिने फुंकर घालायलाही वेळ घेतला नाही, दाण्यांसकट कळा दाबल्या. कुर्र असा आवाज आला. घड्याळ उभं राहिलं.

टीं टीं टीं टीं. मधली जागा कमी होत चाललेली. आम्ही सगळे तिच्या कदेलामागे, म्हणजे खुर्चीमागे, अनवाणी, एकमेकांच्या खांद्यावर हात. कुणाचा घाम, कुणाच्या डोक्यातलं खोबरेल, कापूर. घड्याळ उलटलं. परत उलटलं. मग एकच लांब टींऽऽऽ, आणि पडदा मध्यात एक ठिपका होऊन गेला.

काही कळलं नाही. झालं की गेलं, कुणालाच. लाइट आली ती आम्ही चणे खाऊन बाहेर पडल्यावर, आणि सर म्हणाले आता उद्या, सरस्वती उठल्यावर. एकदाच हात मागितला होता, दोनदा नाही. त्या रात्री सुलूने हजेरी घेतली नाही.

दसऱ्याला सकाळी सरांनी पाटी हलवली, सरस्वती उठली, सात नंबर लागलं. फाईल होती. सुलू पानं खाली सरकवत गेली, सगळं होतं, अर्थ होते, फोटो होते, आणि शेवटी शेवटी अक्षरांच्या जागी चौकोन. नुसते चौकोन, रांगेने, पान दोन पान. तिच्या आईचं गाणं तेवढं चौकोनांचं झालं होतं.

"पाठ आहे ना तुला?" मी विचारलं.

"पाठ आसा. पण बसून आठवणा नाय. वाकल्याशिवाय येणा नाय तोंडात."

सर दाराशी उभे होते. लॅबमध्ये आवाज करायचा नाही, दुसऱ्याच्या खात्यावर बसायचं नाही. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि बाहेर काजऱ्याकडे बघत राहिले.

मी सात नंबरवर बसले. सुलू मशीनच्या दोन रांगांच्या मध्ये उभी राहिली. आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, समोरासमोर दोन फांती, मध्ये रिकामी जागा, सगळ्यांच्या गळ्यात गोंडे. ती वाकली, पुढे आली आणि गायली. मांडावर येताना पाय हळू टाक, माये, खाली आमची भूमी निजलीय, अशा अर्थाचं काहीतरी. एक ओळ पुढे येताना, एक मागे जाताना. मी टाइप करत होते, इतकी जोरात की एक दाणा कळेखाली गेला आणि कुरकुरत राहिला, पण थांबायचं कुणी नाव घेईना. प्रत्येक कडव्याला ती गाता गाताच म्हणायची, "सेव्ह." मी सेव्ह करायची. घड्याळ उभं राहायचं तोवर ती जागच्या जागी डोलत राहायची, ओळ तोंडात धरून.

प्रबंध दिला दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणाची सुट्टी व्हायच्या आत. पावती घेऊन आम्ही उड्या मारत लॅबमध्ये आलो. सरांनी पावती बघितली, परत दिली, आणि म्हणाले, "बरां झालां. आता खातं बंद करतंय." केलंही. सत्र संपेपर्यंत. सुलू म्हणाली, "व्हय म्हाराजा," आणि तेव्हा मात्र ते हसले.

ती शाळेत लागली. अजून तिथेच आहे. शाळेत आता कॉम्प्युटरची खोली झालीय, तिच्याकडेच दिलीय, आणि मुलं म्हणतात ही बाई फार कडक आहे. मला फोनवर म्हणाली, "एक पोरगो चालू ठेवन गेलो, तेका परत बोलावन हाडलंय, बसच्या दारातसून."

"बाई," मागून पिकअपवाला म्हणाला, "तो कीबोर्ड द्या, शेवटचाच राहिलाय." मी दिला. दाणा नाही दिला. त्याने खोलीवर नजर फिरवली आणि विचारलं, "झालं ना तुमचं? बंद करू?"

मी म्हटलं थांबा एक मिनिट. पिशवीतली पाण्याची बाटली काढली, मधल्या रिकाम्या जागेत थोडं पाणी हातावर घेऊन शिंपडलं. तो बघत राहिला. मग बाहेर आले आणि चप्पल शोधू लागले, तेव्हा लक्षात आलं की आत येताना मी ती काढली होती. कुणी सांगितलं नव्हतं. दाराबाहेर, जनेलाखाली, एकटाच जोड.